हंसातला एसएस सिग्नी: तारा शोधण्यापासून पहिली नोंद पाठवण्यापर्यंत

हंस तारकासमूहात, डेनेब या तेजस्वी ताऱ्याच्या पूर्वेला, एसएस सिग्नी नावाचा एक तारा आहे. एरवी त्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) बाराच्या आसपास असते, म्हणजे हातातल्या बायनॉक्युलरमधून तो दिसतच नाही. पण दर काही आठवड्यांनी तो अचानक उजळतो आणि एक-दोन दिवसांत आठव्या प्रतीपर्यंत पोहोचतो. प्रकाश जवळजवळ चाळीसपट वाढतो. हा उद्रेक आठवडा-दोन आठवडे टिकतो, मग तारा हळूहळू उतरत पुन्हा बाराव्या प्रतीवर येतो. दोन उद्रेकांमध्ये सरासरी सात आठवडे जातात, पण ही नुसती सरासरी. कधी महिनाभरातच पुढचा उद्रेक येतो, कधी अडीच महिने वाट पाहायला लागते. नेमकी तारीख आधी सांगणं आजही कुणाला जमलेलं नाही. जो रोज पाहतो त्यालाच तो उजळताना सापडतो.

१८९६ साली हार्वर्ड वेधशाळेतल्या फोटोग्राफिक प्लेट तपासताना लुइसा वेल्स यांच्या हा तारा लक्षात आला. तेव्हापासून त्याच्या नोंदींची साखळी अखंड चालू आहे, आणि त्यातल्या बहुतेक नोंदी पगारी शास्त्रज्ञांच्या नाहीत. शिक्षक, कारकून, डॉक्टर, विद्यार्थी अशा हौशी निरीक्षकांनी आपापल्या गच्चीवरून, अंगणातून डोळ्यांनी अंदाज घेऊन त्या केल्या आहेत. या साखळीत आपलीही कडी जोडता येते. रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्याची प्रत कधीच ठरवली नसेल, तरी एका हंगामात हे काम नीट हाती बसतं.

तिथं नेमकं काय चालतं

निरीक्षणाला हे माहीत असण्याची सक्ती नाही, पण आपण काय पाहतोय हे कळलं की थंडीत उभं राहायला बळ येतं, म्हणून थोडक्यात सांगतो.

एसएस सिग्नी ही दोन ताऱ्यांची जोडी आहे. त्यातला एक श्वेत बटू. सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपल्यावर मागे उरलेला हा गाभा. वस्तुमान सूर्याच्या सुमारे आठ-दशांश, पण आकार पृथ्वीच्या जवळपास. दुसरा सूर्यापेक्षा लहान, थंड, नारिंगी रंगाचा साधा तारा. दोघांमधलं अंतर साधारण १४ लाख किलोमीटर आहे, म्हणजे अख्खी जोडी आपल्या सूर्याच्या व्यासाएवढ्या अंतरात फिरते, आणि एक फेरा पूर्ण करायला तिला ६ तास ३६ मिनिटं लागतात. आपण संध्याकाळी पाहिलं आणि पहाटे पुन्हा पाहिलं, तर मधल्या वेळात एक फेरा पुरा होऊन गेलेला असतो.

इतक्या जवळ असल्यामुळे श्वेत बटू नारिंगी ताऱ्याचा वायू स्वतःकडे ओढून घेतो. फिरतीच्या वेगामुळे हा वायू सरळ खाली पडत नाही, श्वेत बटूभोवती चकतीसारखा पसरतो. चकतीत वायू साठत जातो, दाटत जातो, तापत जातो. तापमानाने काही हजार अंशांची एक मर्यादा ओलांडली की हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागतात. मग वायूची पारदर्शकता घटते, उष्णता आत अडकते, चकती आणखी तापते आणि वायूच्या थरांमधलं घर्षण वाढतं. घर्षण वाढलं की वायू झपाट्याने आत उतरतो आणि सगळी चकती झळाळते. आपल्याला दिसतो तो हाच उद्रेक. साठा घटला की चकती निवते आणि पुन्हा भरायला लागते. जपानचे योजी ओसाकी यांनी १९७४ मध्ये यामागची मूळ कल्पना मांडली. त्याआधी १९५६ मध्ये अमेरिकेच्या माउंट विल्सन वेधशाळेतल्या आल्फ्रेड जॉय यांनी वर्णपटावरून ही जोडी असल्याचं दाखवून दिलं होतं.

एक फरक लक्षात ठेवा. खऱ्या नवताऱ्यात, म्हणजे अचानक उजळून नवा उगवल्यासारखा वाटणाऱ्या ताऱ्यात, श्वेत बटूच्या पृष्ठभागावर साठलेल्या हायड्रोजनचा अणुस्फोट होतो. एसएस सिग्नीच्या उद्रेकात तसा स्फोट होत नाही, उजळते ती चकती. त्यामुळे उजळणं बेताचं असतं, पण ते पुन्हा पुन्हा घडतं. अशा ताऱ्यांना खुजे नवतारे म्हणतात. नव्या निरीक्षकासाठी हे फारच सोयीचं आहे, कारण खऱ्या नवताऱ्याची वाट पाहण्यात आयुष्य जाऊ शकतं, इथं मात्र एका हिवाळ्यात दोन-तीन उद्रेक पाहायला मिळतात.

पायरी १: साहित्य

सुरुवातीला १० बाय ५० चा (दहापट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा) बायनॉक्युलर पुरतो. अंधाऱ्या गावाकडून त्यातून साडेनऊ-दहा प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, शहराच्या कडेला साडेआठ-नऊपर्यंत. म्हणजे उद्रेक चालू असेल तर तारा दिसेल, शांत असेल तर दिसणार नाही. हे चालतं. ‘दिसला नाही’ हीसुद्धा पाठवण्याजोगी नोंद आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. तारा शांत असतानाही पाहायचा असेल तर सहा इंची दुर्बीण आणि बऱ्यापैकी अंधार लागेल.

हात थरथरतात, आणि थरथरत्या बायनॉक्युलरमधून प्रत ठरवता येत नाही. ट्रायपॉड आणि बायनॉक्युलर जोडायचा अडॅप्टर मिळाला तर उत्तमच. नाही तर आरामखुर्चीत रेलून कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवा. एसएस सिग्नी आपल्याकडे आकाशात बराच उंच असतो, त्यामुळे उभ्याने मान वर करून पाहण्यापेक्षा रेलून पाहणं कितीतरी सुखाचं.

याखेरीज लाल उजेडाचा टॉर्च (साध्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लावले तरी काम भागतं), वही, पेन्सिल आणि सेकंदाला नसली तरी मिनिटाला बरोबर असलेली घड्याळाची वेळ. मोबाइलची वेळ चालेल, पण त्याचा पडदा नको. नकाशा कागदावर छापून घ्या. मोबाइलच्या उजेडाने वीस मिनिटं अंधाराला सरावलेले डोळे एका क्षणात पूर्वपदावर येतात.

पायरी २: हंगाम ओळखा

हा तारा मध्यरात्री डोक्याजवळ येतो तो ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमका आपल्या पावसाळ्यात. महाराष्ट्र-गोव्यातल्या माणसाने त्यासाठी हळहळत बसू नये. परतीचा पाऊस गेला की ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तो संध्याकाळच्या आकाशात छान उंच असतो. ऑक्टोबरच्या मध्याला रात्री पावणेनऊच्या सुमारास तो उत्तरेला साधारण ६५ अंश उंचीवर येतो. डिसेंबरअखेर अंधार पडल्यापडल्या वायव्येला गाठावा लागतो. जानेवारीनंतर काही आठवडे तो सूर्याच्या बाजूला जातो. एप्रिल-मेमध्ये पहाटे ईशान्येला पुन्हा दिसू लागतो आणि पावसापूर्वीचे हे दोन महिने वाया घालवू नयेत. त्या दिवसांत पहाटे उठून पाहणारे कमी असतात, म्हणून तेव्हाच्या नोंदींचं मोल जास्त.

परदेशातल्या वाचकांसाठी: न्यू जर्सीहून तो जवळजवळ डोक्यावरून जातो. लंडनहून तो कधीच मावळत नाही. सिडनीहून मात्र उत्तर क्षितिजावर जेमतेम बारा अंश वर येतो, तेव्हा तिथल्यांनी दुसरा तारा निवडलेला बरा.

चंद्राची फार धास्ती नको. चंद्र या ताऱ्याच्या जवळपासही येत नाही, तो पंचेचाळीसहून अधिक अंश लांबूनच जातो. पौर्णिमेला आकाश उजळतं आणि मंद तारे बुडतात हे खरं, पण उद्रेकातला एसएस सिग्नी चांदण्यातही पाहता येतो.

पायरी ३: नकाशा काढा

रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी जमा करणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे अमेरिकेतली एएव्हीएसओ. १९११ साली स्थापन झालेली ही संस्था जगातल्या कुणाच्याही नोंदी घेते. तिच्या संकेतस्थळावर नकाशे छापण्याची सोय आहे आणि ती फुकट आहे. ताऱ्याचं नाव भरलं की भोवतालचा नकाशा तयार होतो. बायनॉक्युलरसाठी ‘बी’ मापाचा नकाशा घ्या, त्यात तीन अंशांचं आकाश मावतं. दुर्बिणीसाठी ‘डी’ किंवा ‘ई’ माप घ्या. बायनॉक्युलरच्या नकाशात अकराव्या प्रतीपर्यंतचेच तारे मागवा. जास्त मागवलेत तर कागद ठिपक्यांनी भरून जातो आणि त्यातून वाट काढणं अवघड होतं.

दिशेचा पर्याय नीट निवडा. बायनॉक्युलरसाठी उत्तर वर आणि पूर्व डावीकडे. न्यूटनच्या धर्तीच्या आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, आणि काटकोनी आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं. आपल्या दुर्बिणीत कसं दिसतं ते आधी एखाद्या ओळखीच्या ताऱ्यावर तपासा आणि त्याप्रमाणे नकाशा मागवा.

नकाशावर काही ताऱ्यांशेजारी आकडे असतात. हे तुलनातारे. ८५ म्हणजे ८.५ प्रत. दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, कारण तो बिंदू ताऱ्याचा ठिपका वाटू शकतो. नकाशाच्या कोपऱ्यात त्याचा क्रमांक असतो, तो वहीत उतरवून ठेवा, नोंद पाठवताना लागतो. दोन वेगवेगळ्या नकाशांतले तुलनातारे एकाच नोंदीत वापरू नका.

पायरी ४: तारा शोधा

हे पहिल्यांदा करताना घाई करू नका. पहिली रात्र फक्त जागा ओळखण्यासाठी ठेवा.

समजा, ऑक्टोबरचा मध्य आहे आणि रात्रीचे पावणेनऊ वाजलेत. उत्तरेकडे तोंड करून बसा. वायव्येला अभिजित, पश्चिमेकडे उंच श्रवण आणि उत्तरेकडे अभिजितहून वर, थोडा डावीकडे, डेनेब. या मोठ्या त्रिकोणातला सर्वांत उत्तरेचा आणि तिघांत मंद तो डेनेब. हात लांब करून मूठ मिटली तर तिची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. डेनेबपासून उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे, जवळजवळ एक मूठ सरका. तिथं चौथ्या प्रतीचा एक तारा आहे, त्याचं नाव ऱ्हो सिग्नी. गावाकडून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, शहरातून बायनॉक्युलरने शोधावा लागतो.

खात्री करून घ्यायची तर ऱ्हो सिग्नीच्या खाली, ध्रुवाच्या दिशेने, सुमारे तीन अंशांवर एम ३९ हा विरळ तारकागुच्छ आहे. बायनॉक्युलरमध्ये तो त्रिकोणी आकारात पसरलेल्या ताऱ्यांचा सुंदर पुंजका दिसतो आणि चुकायची शक्यता कमी. एम ३९ आणि ऱ्हो सिग्नी एकाच दृश्यात आणा. आता ऱ्होपासून एम ३९ च्या उलट दिशेला, म्हणजे वर आणि जरासं उजवीकडे, अडीच अंशांहून थोडं जास्त जा. तिथं पाचव्या प्रतीचा, किंचित तांबूस छटेचा तारा येतो. हा ७५ सिग्नी. त्याचा तांबूसपणा बायनॉक्युलरमध्ये चांगला जाणवतो, तीच त्याची ओळख.

एसएस सिग्नी या ७५ सिग्नीच्या ईशान्येला अर्ध्या अंशाहून जेमतेम जास्त अंतरावर आहे. पूर्णचंद्राची रुंदी अर्धा अंश असते, तेवढंच अंतर मनात धरा. आपण उत्तरेकडे पाहत असल्यामुळे ईशान्य म्हणजे बायनॉक्युलरमध्ये उजवीकडे आणि खाली. इथून पुढे नकाशा हातात घ्या, तो फिरवून उत्तर दिशा खाली आणा आणि ७५ सिग्नीभोवतीचे तारे एकेक करून जुळवा.

या भागात आठ-नऊ प्रतीचे दुसरे तारेही आहेत. उद्रेक नसताना त्यातल्याच एखाद्याला एसएस सिग्नी समजणं अगदी सहज घडतं, विशेषतः आज तो दिसावा अशी मनात इच्छा असेल तेव्हा. म्हणून ताऱ्याची जागा एकट्या ७५ सिग्नीवरून ठरवू नका. नकाशावर त्याच्याभोवतीच्या तीन-चार ताऱ्यांचा एखादा आकार मनात बसवा, त्रिकोण म्हणा, पतंग म्हणा, आणि त्या आकारातली त्याची जागा पक्की करा. एकदा ही जागा डोळ्यांत बसली की पुढे अर्ध्या मिनिटात सापडते.

पायरी ५: प्रत ठरवा

अंधारात निदान वीस मिनिटं बसल्याशिवाय अंदाज घेऊ नका. डोळे सरावले की नकाशावर दोन तुलनातारे निवडा: एक एसएस सिग्नीपेक्षा थोडा तेजस्वी, दुसरा थोडा मंद. दोघांच्या प्रतींमध्ये फार अंतर नको, अर्ध्या प्रतीचं असेल तर छान, एकाहून जास्त असेल तर अंदाज ढोबळ होतो.

आता स्वतःला विचारा: तेजस्वी ताऱ्यापासून मंद ताऱ्यापर्यंतच्या वाटेवर आपला तारा कुठं बसतो? समजा, तेजस्वी ९.२ चा आहे आणि मंद ९.८ चा. आपला तारा तेजस्वीच्या जवळ, पण त्याच्याइतका नाही. वाटेच्या एकतृतीयांशावर वाटला तर ९.४. मधोमध वाटला तर ९.५. एवढंच गणित. नोंद एका दशांशापर्यंतच ठेवा. नवख्या डोळ्यांच्या अंदाजात दोन-तीन दशांश इकडेतिकडे होणारच, सरावाने ते एका-दोनावर येतं. जगभरच्या अनेकांचे अंदाज एकत्र आले की त्यांच्या सरासरीतून ताऱ्याची चाल स्वच्छ दिसते.

चांगला अंदाज पुढच्या काही सवयींनी येतो, त्या पहिल्या दिवसापासूनच लावून घ्या.

ज्या ताऱ्याकडे पाहताय तो दृश्याच्या मध्यभागी आणा, मग तुलनातारा तेवढाच मध्यभागी आणा. कडेचा तारा भिंगामुळे फिका आणि पसरट दिसतो. दोन्ही तारे एकदमच पाहायचे असतील तर मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा.

दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा आपल्या दोन डोळ्यांच्या रेषेला समांतर येईल अशी मान वळवा. एक तारा वर आणि एक खाली असला की आपली नजर नकळत एकाला झुकतं माप देते. ही चूक सगळ्यांच्याच डोळ्यांत असते, त्यात कमीपणा नाही. मान वळवली की ती बरीच कमी होते.

मंद ताऱ्याकडे थेट रोखून न पाहता नजर जराशी बाजूला ठेवा. डोळ्याच्या पडद्याची कडेची बाजू मंद उजेडाला जास्त संवेदनशील असते. पण मग तुलनातारेही तसेच कडेने पाहा. एकाला थेट आणि दुसऱ्याला कडेने पाहिलं तर तुलनेला अर्थ उरत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: कालची प्रत आज विसरून जा. निरीक्षणाआधी संकेतस्थळावरचा सगळ्यांच्या नोंदींचा ताजा आलेख उघडू नका, वहीचं कालचं पान चाळू नका. काल ८.६ होता हे डोक्यात असलं की आज ८.७ च दिसतो. तारा खरंच ९.३ वर उतरलेला असला तरी. मी तर प्रत्येक रात्रीसाठी वहीचं नवं पान घेतो, म्हणजे जुना आकडा नजरेला पडतच नाही. आपण लिहिलेला आकडा इतरांच्या आकड्यापेक्षा वेगळा निघाला तर नंतर तो खोडू नका. जसं दिसलं तसं लिहिलेली नोंदच कामाची.

वहीत एवढं लिहा: तारीख, घड्याळातली वेळ, अंदाजलेली प्रत, वापरलेले दोन तुलनातारे, नकाशाचा क्रमांक, आणि आकाश कसं होतं त्याची एक ओळ. पातळ ढग, चांदणं, शेजारच्या मैदानातले दिवे, शेतातला धूर, जे असेल ते.

पायरी ६: दिसला नाही तर

बायनॉक्युलर घेऊन बसणाऱ्याच्या निम्म्याहून जास्त रात्री अशाच जातील. त्या रात्री वही मिटून आत जाऊ नका. नकाशावरचा सर्वांत मंद कोणता तुलनातारा आज आपल्याला नक्की दिसतोय ते शोधा. तो ९.६ चा असेल, आणि एसएस सिग्नीच्या जागी काहीच दिसत नसेल, तर ‘९.६ पेक्षा मंद’ अशी नोंद करा. पाठवायच्या अर्जात ‘याहून मंद’ अशी वेगळी खूण करायची सोय असते.

या नोंदीचा उपयोग विचाराल तर: उद्रेक केव्हा सुरू झाला हे ठरवायला तो आदल्या रात्री सुरू झालेला नव्हता हे कळावं लागतं. समजा, आज युरोपात कुणाला तारा ८.९ वर दिसला आणि काल रात्री नऊ वाजता साताऱ्याहून तुम्ही तो ९.६ पेक्षा मंद असल्याचं नोंदवलं असेल, तर उद्रेकाची सुरुवात या दोन वेळांच्या मधेच झाली हे पक्कं होतं. युरोप-अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, आणि आपल्या रेखांशावर नोंदी पाठवणारे थोडे आहेत. त्यामुळे इथून केलेल्या नोंदी साखळीतल्या खऱ्याखुऱ्या फटी बुजवतात.

तारा चढताना सापडला तर त्या रात्री शक्य झाल्यास दोन-अडीच तासांनी पुन्हा पाहा. चढण वेगवान असते, एकाच रात्रीत फरक जाणवू शकतो. एकदा माथ्यावर पोहोचला की मग रोज एक नोंद पुरे.

पायरी ७: वेळ लिहा

नोंदी जागतिक प्रमाणवेळेत द्याव्या लागतात. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की ती मिळते. रात्री ८:३० म्हणजे १५:००. पहाटे ४:३० ला मात्र सांभाळा: तेव्हा जागतिक वेळेनुसार आदल्या दिवसाचे २३:०० असतात, म्हणजे तारीखही एकाने मागे जाते. नवशिक्यांच्या नोंदींत सर्वांत जास्त घोळ इथंच होतो.

खगोलशास्त्रात ज्युलियन दिनांक वापरतात. हा दिवसांचा सलग मोजत आलेला आकडा आहे आणि त्याचा दिवस जागतिक वेळेनुसार दुपारी बारा वाजता बदलतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे आपली अख्खी रात्र, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, एकाच ज्युलियन दिवसात बसते. मध्यरात्री तारीख बदलायची कटकटच नाही. उदाहरणार्थ १५ ऑक्टोबर २०२५ ला संध्याकाळी साडेपाचला २४६०९६४ हा दिवस सुरू झाला. त्या रात्री ८:३० ला तीन तास उलटले होते, तीन भागिले चोवीस म्हणजे ०.१२५, म्हणून त्या नोंदीची वेळ २४६०९६४.१२५. संकेतस्थळावर साधी तारीख-वेळही भरता येते, पण हे एकदा हाताने करून पाहा, पुढे आलेख वाचताना उपयोग होतो.

पायरी ८: नोंद पाठवा

एएव्हीएसओच्या संकेतस्थळावर खातं उघडून निरीक्षक संकेत, म्हणजे नोंदींवरची आपली ओळखखूण, मागवा. त्यासाठी सभासद व्हायची किंवा पैसे भरायची गरज नसते. मिळालेला संकेत कायम आपलाच. पावसाळ्यात तारा दिसत नसतो तेव्हाच हे काम उरकून घ्या, म्हणजे ऑक्टोबरात थेट सुरुवात करता येते.

अर्जात ताऱ्याचं नाव, वेळ, प्रत, दोन तुलनाताऱ्यांचे आकडे आणि नकाशाचा क्रमांक भरायचा. आकाशाच्या स्थितीसाठी एकाक्षरी खुणा आहेत: आकाश उजळ असेल तर ‘बी’, ढग-धूर-धूळ असेल तर ‘यू’, अंदाजाची खात्री नसेल तर ‘झेड’. त्या प्रामाणिकपणे वापरा. पाठवल्यावर, आणि पाठवल्यावरच, आलेख उघडा. शेकडो ठिपक्यांमध्ये आपला ठिपका वेगळ्या रंगात दाखवायची सोय आहे. पहिल्यांदा तो पाहताना होणारा आनंद मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

अशा ठिपक्यांनी काय होतं?

जेसोर इथं, आजच्या बांगलादेशात, सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ होते. १९१८ मधला गरुड तारकासमूहातला नवतारा त्यांनी पाहिला, त्यातून हार्वर्डशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यांना एएव्हीएसओकडून सहा इंची दुर्बीण मिळाली. दिवसा नोकरी आणि रात्री तारे, असं करत त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. फाळणीनंतर ते भारतात आले. ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. विद्यापीठाची पदवी नाही, वेधशाळेची नोकरी नाही, आणि तरीही त्यांच्या नोंदी आजही त्या संग्रहात आहेत.

दुसरं उदाहरण थेट एसएस सिग्नीचं. १९९९ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापावरून त्याचं अंतर सुमारे ५२० प्रकाशवर्षं काढलं गेलं. तो एवढ्या लांब असेल तर त्याचा उद्रेक ओसाकींच्या सिद्धान्तात बसत नव्हता इतका तेजस्वी ठरत होता. सिद्धान्त चुकला की अंतर, हा मोठाच पेच होता. खगोलशास्त्रज्ञ जेम्स मिलर-जोन्स आणि सहकाऱ्यांनी रेडिओ दुर्बिणींनी अंतर पुन्हा मोजायचं ठरवलं. पण या ताऱ्याचा रेडिओ प्रकाश पुरेसा प्रखर होतो तो उद्रेकातच. म्हणजे उद्रेक सुरू होताच कुणीतरी कळवायला हवं. ते काम हौशी निरीक्षकांनी केलं. त्यांचा निरोप मिळाला की रेडिओ दुर्बिणी तिकडे वळत. २०१३ मध्ये निकाल आला: अंतर सुमारे ३७२ प्रकाशवर्षं. सिद्धान्त बरोबर होता. पुढे ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांनीही हेच अंतर पक्कं केलं.

आणि ताऱ्याची चाल अजून पुरती उलगडलेली नाही. २०२१ मध्ये त्याने नेहमीचा परिपाठ सोडला. खोल शांत होणं आणि मोठा उद्रेक, दोन्ही थांबून तो मधल्याच पातळीवर वरखाली होत राहिला. तेव्हा आज तो ‘पुस्तकाप्रमाणे’ वागत नसेल, तर तुमचा अंदाज चुकला असं लगेच धरून चालू नका.

सोबत आणि पुढचे तारे

एकट्याने जमत नसेल तर पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला जा आणि एखाद्या अनुभवी निरीक्षकाशेजारी बसून तोच तारा दोघांनी वेगवेगळा अंदाजून पाहा. आकडे एकमेकांना न सांगता आधी लिहायचे, मग ताडून पाहायचे. तासाभरात जेवढं शिकता येतं तेवढं महिनाभर एकट्याने धडपडून येत नाही.

जानेवारीत हंस पश्चिमेला गेला की मिथुनेतला यू जेमिनोरम हाती घ्या. १८५५ मध्ये जॉन रसेल हाइंड यांना सापडलेला हा खुज्या नवताऱ्यांतला पहिला, आणि सगळ्या वर्गाला त्याचंच नाव मिळालं. त्याची जोडी सव्वाचार तासांत एक फेरा घेते. शांत असताना तो चौदाव्या प्रतीच्याही खाली असतो, तेव्हा मोठ्या दुर्बिणीशिवाय दिसणार नाही. पण उद्रेकात नवव्या प्रतीच्या आसपास येतो आणि मग बायनॉक्युलरच्या आवाक्यात असतो. त्याचे उद्रेक एसएस सिग्नीपेक्षा बरेच विरळ, साधारण तीन महिन्यांहून अधिक अंतराने येतात, त्यामुळे वहीत ‘याहून मंद’ याच नोंदी जास्त होतील. नकाशा मागवताना या वेळीही ‘बी’ मापच घ्या. डिसेंबरातच छापून ठेवा आणि मिथुन उगवून पुरेशी वर आली की त्याची जागा पक्की करून घ्या, म्हणजे हंसाची शेवटची आणि मिथुनेची पहिली नोंद यांच्यात खंड पडणार नाही.